अस्तर लावलेली चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, व्यायामाची. व्यायाम सोडून बाकी सगळं माझ्यावर झालं आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही हसायला नको. आत्ता मला गुंडाळून, नाडीने बांधून बाहेरच्या दाराशी उभं केलं आहे. आज आमच्या बाईंचा व्यायामाचा पहिला वर्ग आहे. त्या येऊन मला उचलतील की नाही, ते मला ठाऊक नाही. तोवर माझी कहाणी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचा गरम लगदा लाटून मला तयार केलं, वरची बाजू मऊ ठेवली आणि खालच्या बाजूला बारीक खाचा पाडल्या. या खाचांनी जमीन घट्ट धरायची आणि वरच्या माणसाला घसरू द्यायचं नाही, एवढंच माझं शिक्षण. मला दुसरं काही येत नाही. पण जे येतं ते चांगलं येतं, असं मला तेव्हा वाटायचं.

बाईंच्या लेकीने मला या घरात आणलं. बाई शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन आहे, आणि दिवसभर त्यांची मान खाली आणि पाठ वाकलेली असते. लेक म्हणाली, "आई, रोज सकाळी थोडी तरी पाठ मोकळी करत जा." बाई म्हणाल्या, "उद्यापासून नक्की." तो उद्या काही उजाडला नाही.

मशीनची धडधड खालच्या मजल्यावर जाते म्हणून आधी मला मशीनखाली घातलं. मग कापड बेतायला जमिनीवर पसरलं. माझ्या अंगावर खडूच्या रेघा उमटल्या, एका कोपऱ्याला कात्री लागली, टाचण्या तर किती रुतल्या ते विचारू नका. लेकीचं बाळ माझ्यावर पालथं पडायला शिकलं. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, गळका नळ दुरुस्त करायला ओट्याखाली शिरताना मला गुडघ्यांखाली घेत. "ही चटई मोठी गुणाची हं," असं ते म्हणाले की मला बरं वाटे. पण ज्यांच्यासाठी मला आणलं, त्या बाई माझ्यावर कधी टेकल्याच नाहीत. पुढे बाळ शाळेत गेलं, बेतायला मोठं टेबल आलं, आणि माझी रवानगी कपाटामागे झाली.

मग एक दिवस बाई खाली पडलेलं बटण उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. वर येता येईना, खाली बसता येईना. काकांनी त्यांना धरून धरून पलंगावर नेलं. मी कपाटामागे हातभर अंतरावर होते, आणि मला हातच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "पाठीला बळ आणा, नाहीतर मशीन सोडावं लागेल."

"मशीन सोडून मी करू काय?" बाई म्हणाल्या. "भिंतीकडे बघत बसू?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

लेकीने त्यांचं नाव पिलाटीजच्या वर्गात घातलं. या व्यायामात उड्या नाहीत, धावपळ नाही. चटईवर पडून, श्वासाकडे लक्ष देऊन, सावकाश पोट आणि पाठ बळकट करायची. बाई घाबरल्या. "माझ्या वयाची बाई चारचौघांत आडवी पडणार? लोक काय म्हणतील?"

"आई, तिथे सगळेच आडवे असतात. कोण कुणाला बघतंय?"

वर्गातल्या शिक्षिकेचा निरोप आला: अंगासरसे कपडे घाला, पोटभर जेवून येऊ नका, आपापली चटई आणा. अशी मी कपाटामागून निघाले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बाईंनी तयारीला सुरुवात केली ती अर्थातच शिवण्यापासून. अख्ख्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ, पण स्वतःचं माप कित्येक वर्षांत घेतलेलं नव्हतं. शेवटी टेप काकांच्या हाती गेला. काकांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला.

"अहो, सरळ धरा. स्टिअरिंग नाही ते."

"तू आधी श्वास सोड."

"सोडलाय."

"कुठे सोडलायस? धरूनच ठेवलायस की."

बाईंची नवी विजार झकास झाली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. खडूच्या रेघा, टाचण्यांची भोकं, कापलेला कोपरा. "ही अशी घेऊन गेले तर म्हणतील, लोकांचं शिवते आणि स्वतःची ही दशा." त्यांनी मला साबणाने घासलं, उन्हात वाळवलं, तरी रेघा गेल्या नाहीत. तेव्हा त्यांनी कुठल्याशा झग्याचं उरलेलं जांभळं सॅटिन काढलं आणि मला खोळ शिवायला घेतली. वरून सॅटिन आणि खालून अस्तर, कारण अस्तराशिवाय काही शिवायचं नाही हा त्यांचा नेम. कडेने गोट लावला आणि खोळ सुरकुतू नये म्हणून चारही बाजू शिवून बंद केल्या.

खोळ फार देखणी होती. पण माझ्या खाचा अस्तराच्या आत कोंडल्या गेल्या. मला जमीन लागेना. वर सॅटिन, खाली गुळगुळीत अस्तर, आणि यावर दुखऱ्या पाठीच्या बाई उभ्या राहणार! मी आतून ओरडत होते म्हणायला हवं, पण रबराचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? बाई पुन्हा पुन्हा गोटावरून हात फिरवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला रडू येत होतं.

कशी दिसते ते बघायला त्यांनी मला स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं. काका पाणी प्यायला आले आणि त्यांचा पाय माझ्यावर पडला. मी सरकले. ओटा हाताशी होता म्हणून निभावलं.

"अगं, चटई आहे की घसरगुंडी?"

"तुम्ही बघून चालत नाही."

काकांनी खाली बसून मला एका बोटाने ढकललं. मी फरशीवरून सरळ फ्रिजपर्यंत गेले. त्यांचा चेहरा बदलला. "गुळगुळीत टायरची बस मी कधी डेपोबाहेर काढली नाही. आणि तू यावर उभी राहणार?"

"अस्तर लावलंय हो मी."

"तेच म्हणतोय. कशाला लावलंस?"

उसवणी घेऊन बाईंनी स्वतःचीच शिवण उसवायला घेतली. टीप इतकी बारीक होती की टोक सापडेना. उसवता उसवता त्यांचे डोळे भरून आले. खोळ निघाली आणि मी होते तशी, रेघांसकट, उघडी पडले.

"आता नुसतं झोपून तर बघ," काका म्हणाले. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून शिक्षिकेने पाठवलेला पहिला व्यायाम वाचला. "पाठ जमिनीला टेकू द्या."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई माझ्यावर आडव्या झाल्या. मी सगळा जोर लावून फरशी धरली.

"टेकवलीये," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या कमरेखालून हात घातला. तो या बाजूने त्या बाजूला निघाला. "कुठे टेकवलीस? माझा हात आरपार जातोय."

बाई हसल्या. पाठ खरंच टेकत नव्हती. मी त्या पोकळीच्या खाली वाट बघत होते. मला स्वतःहून वर उठून पाठीला टेकता येत नाही. ज्याचं त्यालाच खाली यावं लागतं.

आज सकाळी बाई नवी विजार घालून तयार झाल्या. काका स्कूटर काढायला खाली गेले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

"फक्त ही बाही आत घ्या हो. ब्लाउज मला दुपारी घालायचाय."

"आज मला जरा जायचंय," बाई म्हणाल्या.

"अहो, चिमूटभर तर काम! तुमच्याशिवाय कुणाला जमतं का?"

बाई ब्लाउज घेऊन आत गेल्या. खालून काकांनी हॉर्न वाजवला. आतून मशीनचं झाकण काढल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला जमीन धरता येते, हाक मारता येत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी "उद्यापासून" म्हणत असेल आणि त्यांच्यासाठी आणलेली एखादी वस्तू कपाटामागे पडून असेल. ती पुसून ठेवलीत तर उपकार होतील. पण तेवढ्याने भागायचं नाही. तुम्हाला तोंड आहे. आत जा आणि त्यांना म्हणा, "बाही राहू दे आता. चल, उशीर होतोय."