तारेचा पीळ

लढाई संपल्यावर माझा भाऊ हंबीरराव जपानातनं परत आला, तवा बाकीच्या शिपायांनी काय काय आणलं व्हतं. कुणी घड्याळ, कुणी रेशमी रुमाल. आमच्या शहाण्यानं बिस्किटाच्या डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळून रोपं आणली. बोटाएवढी. आगबोटीत सवताच्या वाटणीचं पाणी त्येंला पाजलं म्हणं.

मी म्हटलं, "आरं, आपल्या रानात तण कमी हाय व्हय, म्हणून परमुलखातनं आणलंस?"

"मेपल म्हणत्यात ह्येला, आक्का. शंभर वर्सं जगतंय, पर कुंडीत छाटून ठेवलं की माणसाच्या गुडघ्याच्या वर जात न्हाई."

"मग उपेग काय त्येचा? ना सावली, ना फळ."

त्यो हसत शेवाळावर पाणी शिंपडाय लागला. मी चंद्राबाई, नवरा मेल्यापासनं कोरेगावजवळ ह्या भावाच्याच घरात राहते, आन् माझं तोंड कसं हाय ते समद्या गावाला ठावं हाय. बोलायचं ते बोलून मोकळी हुते आन् मग भाकरी थापायला बसते.

रोपातली तीन जगली. कुंभाराकडनं पसरट परळं करून घेऊन त्येनं ती विहिरीजवळ आंब्याखाली मांडली. उनाळ्यात भवतीनं ओली पोती बांधली. जपानात छावणीशेजारी कुणी म्हातारा व्हता, त्येनं ह्येला ही विद्या दिलेली. मुळ्या छाटायच्या, शेंडा खुडायचा, खोडाला तांब्याची तार गुंडाळायची आन् जरा जरा वळवत न्यायचं. कोवळं असतंय तवर वळतंय. खोड फुगाय लागलं की तार सोडायची, न्हाईतर सालीत रुतती. गडी तासन्‌तास तितं उकिडवा बसायचा. गावानं त्येला खुळ्यात काढला.

त्येच्या शेजारी बसायची मनी, त्येची पोरगी. बाप लढाईवर असताना जन्मली. डावं पाऊल आत वळलेलं, कडंवर चालायची. जन्मली तवाच मी म्हटलं व्हतं, सांगलीला न्हेऊन दाखवू. आमचा बा जिता व्हता, त्यो म्हणला, पोराचा बाप घरात न्हाई, त्यो आल्याबिगार पोराच्या अंगाला हात लावायचा न्हाई. लढाई काय लवकर संपंना. म्हातारा मेला, पोरगी चालाय लागली, आन् पाऊल तसंच ऱ्हायलं.

चैतात जत्रा झाली. पालखीमागं समदी पोरं पळाली, आन् ही देवळाच्या पायरीवर बसून त्येंच्या चपला राखीत ऱ्हायली. घरी आली ती थेट आंब्याखाली गेली. एक रोप कलून वाढलं व्हतं, बापानं तार बांधून त्येला ताठ केलं व्हतं. मनी त्येच्याकडं बघत म्हणली, "आबा, ह्ये बी वाकडं व्हतं न्हवं? माझा पाय करा की आसा."

हंबीर त्या दिशी जेवला न्हाई. दुसऱ्या दिशी पोरीला आगगाडीनं सांगलीला न्हेली, मी संगं व्हते. डाक्टरनं पाऊल दाबून बघितलं आन् म्हणला, "पाळण्यात असताना आणली असती तर नुसत्या पट्ट्या बांधून वळवलं असतं. आता हाडं घट्ट झालीत. मुंबईला न्या. तिथं कापून बघतील, पण खात्री नाही."

माणूस आपल्याला पायजे तेवढंच ऐकतो. माझ्या भावानं 'बांधून वळवलं असतं' एवढंच ऐकलं.

त्येनं कळकाच्या कांबी तासल्या, शालूबाईच्या, म्हंजी त्येच्या बायकूच्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या केल्या, पाऊल गुंडाळलं आन् वरनं तीच झाडाची तार आवळली. दर बाजारच्या दिशी पकडीनं एक पीळ वाढवायचा. मी लय भांडले. "पोर हाय का रोप हाय रं ती?"

"आक्का, वळतंय. बघ तरी."

आन् खरंच वळाय लागलं, खोटं कशाला बोलू. आखाड सरेपातूर टाच भुईला टेकाय लागली. त्यो बी तवा नीट बघायचा, पट्टी सोडून तेल लावायचा, कातडी लाल दिसली की दोन दिस मोकळं ठेवायचा. पंचमीला मनी पोरींच्यात उभी ऱ्हायली आन् शेजारच्या राहीबाईच्या लेकीसंगं फुगडीचा एक फेरा धरला. एकच, मग धापकन बसली. पर हसत बसली. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला आन् पदरानं डोळं पुसलं. माझंच चुकलं असंल, असं त्या दिशी मला वाटलं.

भादव्यात पलटणीचं बोलावणं आलं. हैदराबादच्या बाजूला काय तरी पेटलं व्हतं, रिझर्वातली माणसं परत बोलावली. हंबीरचा जीव पोरीच्या पायात. निम्म्यावर आलेलं काम, आता दोन-तीन म्हैनं सोडलं की पाऊल पुन्ना आत जाणार. निघायच्या दिशी त्येनं तिला मांडीवर घेतली आन् तीन पीळ एका दमात दिलं. मनीनं व्हट चावला.

मला म्हणला, "आक्का, झाडांवर ध्यान ठेव. खोड फुगलं की तार सोड."

"आन् पोरीची?"

"पोरीची मी येईस्तवर कुणी सोडायची न्हाई." ह्ये त्यो शालूबाईकडं बघून म्हणला.

झालं. नवऱ्यानं सांगितलं म्हंजी तिला देवानं सांगितल्यागत. मनी पयल्यांदा अंगणात यायची बंद झाली, मग सोप्यातनं उठायची बंद झाली. बोटं सुजली, मग काळवंडली. मी पक्कड हुडकाय गेले तर जाग्यावर न्हाई. शालूबाईनं लपवलेली.

"वन्सं, त्येंनी सांगितलंय," ती म्हणली.

"त्येला दिसतंय का हितलं? आंधळी हाईस का तू?"

मनीच मधी पडली. "आत्या, सोडू नगंस. पुन्ना वाकडा हुईल."

"दुकतंय का गं?"

"न्हाई."

दुसऱ्या दिशी सकाळी पोरीचं अंग तव्यागत तापलं, आन् पट्टीतनं वास आला. मग मी कुणाला इचारलं न्हाई. शालूबाईला ढकलून दिली, इळ्याचं टोक तारंत घालून पीळ उलटा फिरवला. हात कापला माझा. पट्टीसंगं कातडी निघून आली. घोट्यापातूर समदं काळं. शालूबाई भितीला टेकून बसली ती उठंचना, तिला मी हाताला धरून गाडीत घातली.

सांगलीला त्योच डाक्टर व्हता. त्यो रागावला असता तर बरं झालं असतं. त्येनं पाऊल बघून वर कापड टाकलं. मग मला बाहीर न्हेऊन म्हणला, "पाय काढावा लागेल, नाहीतर मुलगी जाईल. बापाला बोलवा. उद्या दुपारच्या पुढं मी थांबणार नाही."

पलटण सोलापुरातच अडकली व्हती. निरोप गेला, आन् दुसऱ्या दिशी दुपारच्या आत हंबीर आला, वर्दीतच. डाक्टरनं त्येला सांगितलं. त्येनं हुकूम ऐकल्यागत मान हलवली आन् आत गेला. चादर उचलून बघितली आन् खाली टाकली.

"मने, दुकत व्हतं न्हवं तुला?"

तिनं आईकडं बघितलं. मग म्हणली, "व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस गं?"

"झाड कुटं सांगतंय, आबा? गप ऱ्हायलं म्हणून तर वळलं ते."

सांगलीला येताना समद्या वाटंनं मी त्येच्यासाठी शिव्या गोळा केल्या व्हत्या. एक सुदीक तोंडातनं निघाली न्हाई. दया आली म्हणून न्हवं. राग लय व्हता, अजून हाय, पर खाटंचा दांडा धरून उभ्या ऱ्हायलेल्या त्या माणसाला अजून काय मारायचं ऱ्हायलं व्हतं?

चाकाची खाट घेऊन दोन माणसं आली. मनीला अनोळखी माणसांचं भ्या वाटायचं, तिनं बापाचं बोट गच्च धरलं.

"आबा, हितं सरळ करून देत्यात न्हवं?"

शालूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हंबीर म्हणला, "व्हय."

तिचा इस्वास बसला न्हाई वाटतं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "व्हय गं, आत्या?"

मी म्हटलं, "व्हय बाळा. सरळ करून देत्यात."

मग तिनं बोट सोडलं.