माझ्या पोटातला परका प्रोग्रॅम

मित्रांनो, मला उचलायला एक हात पुरतो. पाठीवरच्या बॅगेत ठेवलं तर बॅगेला मी जाणवतही नाही. मी लॅपटॉप आहे, वयाने आता जुना, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने संशयी. संशय मला कुणी शिकवला नाही, तो माझ्या घडणीतच आहे. माझी ऑपरेटिंग सिस्टीमच तशी. कुणी नवा प्रोग्रॅम आला की ती त्याला आधी उंबऱ्याबाहेर उभं करते. तू कोण, कुणी पाठवलं, आत कशाला यायचंय? समाधान झालं तरच आत घेते, आणि आत घेतल्यावरही त्याच्यावरची नजर काढत नाही.

विजयश्रीने मला घेतलं तेव्हा ती आकुर्डीला डिप्लोमा करत होती. रूपीनगरहून बसने जायची आणि मला मांडीवर ठेवून अभ्यास करायची. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, हा तर वहीएवढा आहे." असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. मला आत पंखासुद्धा नाही. अंगात उष्णता झाली की ती माझ्या पाठीपोटाच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. म्हणून तर मी असा हलका आणि चिडीचूप. पुढे डिप्लोमा संपला आणि मी कपाटावर जाऊन पडलो. कुणी मला विसरलं असेल असं नाही, पण आठवण काढायचं कारणही कुणाला उरलं नव्हतं.

तिच्या वडिलांचं, मालोजींचं, तळवड्याला छोटं वर्कशॉप आहे. औशाकडून पोट भरायला आलेला हा माणूस आधी दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. तिथे तपासणारे लोक माल न मोजताच टेबलाशी बसून आकडे भरायचे. ह्या भागात त्याला 'बसून भरलेला रिपोर्ट' म्हणतात. एकदा सगळा माल परत आला, आणि बोट दाखवलं गेलं मशीनवरच्या माणसांकडे. तेव्हापासून 'बसून भरणे' हे शब्द ऐकले तरी मालोजींच्या कपाळाला आठी पडते. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी ते कधी चालू दिलं नाही.

इथे बुश बनतात. बुश म्हणजे बांगडीसारखी जाड पोलादी कडी, चाकणला तयार होणाऱ्या गाड्यांच्या पोटात ती कुठेतरी बसते. प्रत्येक बुशचं भोक मोजावं लागतं. मोजायचं गेज टेबलावर आहे. त्यावर बुश ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की आकडा वायरमधून कॉम्प्युटरमध्ये जातो. हे मोजमाप मालोजींनी लेकीकडे सोपवलं होतं. "एवढ्या महिन्याचा माल नीट पास झाला की तपासणीचं टेबल कायमचं तुझं," असा त्यांचा शब्द होता. विजयश्रीला दुसरं काही नको होतं.

आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. गेजचा प्रोग्रॅम त्याच जातीच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला, माझ्या सिस्टीमची भाषा त्याला ओ की ठो कळत नाही. पण विजयश्री हिकमती. तिने मला कपाटावरून काढलं, पुसलं आणि माझ्यात आधी एक दुभाषी आणून बसवला. दुभाषी म्हणजे असा प्रोग्रॅम, जो परक्याचं बोलणं माझ्या भाषेत सांगतो आणि माझं त्याच्या. त्याच्या मागोमाग तो परका आत आला.

मित्रांनो, पहिल्या क्षणापासून मला त्याचं लक्षण काही बरं वाटलं नाही. आल्या आल्या त्याने 'सी ड्राइव्ह' मागितला, म्हणजे त्याच्या जातीच्या कॉम्प्युटरमधलं फाइली ठेवायचं घर. माझ्याकडे असलं काही नाहीच! दुभाष्याने गुपचूप एका कोपऱ्यात लुटुपुटीचा सी ड्राइव्ह मांडला आणि परका तिथे खुशाल पाय पसरून बसला. ज्याला खोटं घर खरं वाटतं तो खऱ्या घरातही काय करेल कोण जाणे. मी त्याच्या प्रत्येक फाइलवर डोळा ठेवला. तो काही चोरत नव्हता, आणि म्हणूनच मला तो जास्त लबाड वाटायचा.

त्यातून त्याच्या येण्यानंतर माझं अंग तापू लागलं. सकाळी ठीक असे, पण दुपार कलली की मी फणफणायचो. फार तापलो की जीव वाचवायला मी आपोआप हळू चालतो, तसा चालू लागलो. हे काम त्याचंच, दुसऱ्या कुणाचं असणार? मी मनाशी खटला भरला, निकालही देऊन टाकला.

इकडे मी टेबलावर आलो त्याच दिवशी मालोजींनी माझं भलतंच कौतुक मांडलं होतं. लेथवर कुलंटचं, म्हणजे कापताना धातू गार ठेवायचं, पांढरं पाणी उडतं, हवेत तेल असतं. लेकीची वस्तू खराब होऊ नये म्हणून त्यांनी माल बांधायचा चिकट प्लास्टिकचा रोल घेतला आणि मला खालून, वरून, कडेने घट्ट गुंडाळलं. फक्त पडदा आणि बटणं तेवढी मोकळी ठेवली. "आता बग, ह्याला काई होत नाई," असं म्हणून त्यांनी मला थोपटलं. घरातला रिमोट, टेम्पोची सीट, नवा मिक्सर, सगळं त्यांच्याकडे असंच प्लास्टिकात असतं. मला फार मायेचं वाटलं ते. इतकी वर्षं कपाटावर धूळ खाल्लेल्याला कुणी एवढं जपलं तर त्याने तक्रार तरी कशी करावी?

मग एक दिवस संध्याकाळी चाकणहून फोन आला. जिथे हे बुश जातात त्या कंपनीत माल तपासायला निशिगंधा मॅडम आहेत. त्या फोनवर शांतपणे म्हणाल्या, "विजयश्री, तुझ्या रिपोर्टमध्ये बऱ्याच ठिकाणी लागोपाठचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे आहेत. असं होत नसतं. मी उद्या येते, माझ्यासमोर मोज. नाहीतर मला हा माल थांबवावा लागेल, आणि तुझ्या सहीचा रिपोर्ट पुन्हा घेता येणार नाही."

एकाच लेथवरचे दोन बुश डोळ्यांना सारखे दिसतात, पण इतकं बारीक मोजलं की केसभर फरक निघतोच. आकडे पुन्हा पुन्हा जुळे निघाले तर ह्या धंद्यात अर्थ एकच घेतात. मोजणारीने मोजलेलंच नाही.

मालोजींनी लेथ बंद केला. हात पुसत टेबलाशी आले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "विजू, खरं सांग मला. बसून भरलीस का?"

"अण्णा, एकेक बुश हातात घेऊन मोजलाय मी."

"मग आकडे जुळे कसे निघायलेत?"

ती एवढंच म्हणाली, "मला माहीत नाही." मालोजींनी मान हलवली, पण ती मान विश्वास ठेवणाऱ्याची नव्हती. विजयश्रीचा चेहरा त्या वेळी मला समोरून दिसत होता. तिला माल थांबण्याचं दुःख होतंच, पण वडिलांनी ते दोन शब्द आपल्यासाठी वापरले ह्याने ती जास्त मोडली होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की चोर माझ्या पोटात आहे, त्याला पकडा.

सकाळी निशिगंधा मॅडम आल्या. चहा नको म्हणाल्या आणि विजयश्रीच्या मागे उभ्या राहिल्या. मालोजी त्यांच्याही मागे, हाताची घडी घालून. विजयश्री मोजू लागली. बुश, पेडल, आकडा. बुश, पेडल, आकडा. सगळे आकडे वेगवेगळे, सगळे मर्यादेत. मालोजींनी घडी सोडली. पण काम पुढे सरकत गेलं तसा मी तापत गेलो, आणि माझी चाल मंदावली. मग आकडा आला तो आधीच्याचाच जुळा भाऊ. पुढचाही तोच.

"हेच," मॅडम म्हणाल्या.

विजयश्रीचा पाय पेडलवरच राहिला. तिने बुश काढला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गेजकडे. गेजला स्वतःची एक छोटी पट्टी आहे, तिच्यावरही आकडा दिसतो. एरवी तिकडे बघायची गरजच पडत नाही. तिथे वेगळा आकडा होता.

"मॅडम, गेज वेगळं सांगतंय आणि लॅपटॉप वेगळं."

"त्या परक्या प्रोग्रॅमचाच घोळ असणार," मालोजी घाईने म्हणाले. माझंही अगदी हेच म्हणणं होतं.

पट्टी आणि पडदा एकत्र दिसावेत म्हणून मॅडमनी मला वळवायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं, हा केवढा भाजतोय! आणि हे काय गुंडाळलंय ह्याला?"

विजयश्रीने तळहात माझ्या पोटाखाली घातला. मग तिने कटर घेतलं आणि सगळं प्लास्टिक सोलून काढलं. मित्रांनो, किती दिवसांनी माझ्या अंगाला हवा लागली! तिने मला टेबलफॅनपुढे ठेवलं, निवू दिलं आणि सकाळपासूनचे सगळे बुश पुन्हा मोजले. एकही आकडा जुळा निघाला नाही. मग तिनेच कोडं उलगडलं. मी तापून हळू झालो की गेजचा आकडा वेळेत पोचत नव्हता. परक्या प्रोग्रॅमला त्याच्या घरी असा उशीर कधी ठाऊकच नव्हता, त्यामुळे वाट बघून तो आधीचाच आकडा पुन्हा लिहायचा. लबाडी त्याच्या मनातही नव्हती. मी त्याच्यावर पाळत ठेवण्यात इतका गुंग होतो, की माझ्या अंगावर काय चढवलंय ते मला दिसलं नाही. ते मायेने चढवलेलं होतं ना, मग त्याचा संशय कुणाला यावा?

"प्लास्टिक कुणी लावलं?" मॅडमनी विचारलं.

विजयश्री प्लास्टिकचे तुकडे गोळा करू लागली. मालोजी पुढे आले. "मी गुंडाळलं, मॅडम. कुलंट उडतंय म्हणून. पोरीची काईच चूक नाई."

"मोजमाप बरोबर आहे. माल घेते मी," मॅडम म्हणाल्या. "जुना रिपोर्ट फाडून टाका. सगळा माल नव्याने मोजून विजयश्रीच्याच सहीने पाठवा."

त्या गेल्यावर विजयश्रीने पुढचा बुश गेजवर ठेवला. पेडल मात्र दाबलं नाही. "अण्णा, काल तुम्ही विचारलंत, तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

मालोजी खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "वाटलं होतं, माय."

मग मालोजींनी हात उचलला, लेकीच्या डोक्यावर ठेवायला. मध्येच त्यांना तो तेलाने काळा झालेला दिसला. ते पॅन्टला पुसू लागले. विजयश्रीने पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या, अण्णा. ठेवा तसाच." त्यांनी ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

मित्रांनो, तपासणीचं टेबल आता विजयश्रीचंच आहे. परका अजून माझ्याकडेच राहतो, आणि मीही आता त्याच्या खोट्या सी ड्राइव्हकडे फारसा बघत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी असेल. त्याला जरूर जपा, पण इतकं गुंडाळू नका की त्याचा श्वास कोंडेल. आणि कधी त्याचं काही चुकतंय असं वाटलं, यंत्राचं असो की माणसाचं, तर लांबून संशय घेऊ नका. जवळ या आणि आधी हात लावून बघा, ते तापलेलं तर नाही ना.