करप्यावर जालीम उपाय

ऑस्ट्रेलियातल्या टली गावात पाऊस थांबत नाही, आणि केळीवरचा करपाही. त्यामुळे वनस्पतिरोगशास्त्राची पदवी घेऊन मी घरी परतले, तेव्हा सगळे माझीच वाट पाहत असतील असं मला वाटलं होतं. कॉन्चेता मावशीने मला तिच्या केळीच्या बागेतला रस्त्याकडेचा तुकडा दिला.

"सरकारी तपासणीत हा पास झाला तर सगळ्या बागेची पानं तुझ्या ताब्यात. नाहीतर शेडमध्ये केळ्यांच्या फण्या धुवायच्या."

फण्या धुण्यासाठी मी शिकले नव्हते.

आमच्याकडची रीत अशी: डागाळलेला भाग तेवढा कापायचा, निम्म्याहून जास्त करपलं तरच अख्खं पान उतरवायचं. मला ती भाबडी वाटली. डाग दिसण्याआधीच बुरशी पानात शिरलेली असते, हे मला पाठ होतं. म्हणून मी संशयित पानंही उतरवली. मग संशयितांच्या शेजारची.

मावशीने ट्रॅक्टर थांबवला. "डॉक्टरीणबाई, हजामत चाललीय का?"

"संसर्गाचं मूळ काढतेय."

"काढ बाई. झाडाला पोटापुरतं एखादं ठेव."

मी तिच्याकडे दयेने पाहिलं.

तपासनीस नोएलीन मान वर करून तुकडाभर फिरली. "डाग एकही नाही," ती म्हणाली, "पण पानं तरी कुठायत?" नियम फक्त डागांचा होता. तुकडा पास झाला. त्या दिवशी मी जरा मोठ्यानेच बोलत होते.

पुढे काढणीच्या आधी मावशीने घडावरची निळी पिशवी वर केली. केळी बोटाएवढी आणि पिवळीधमक. पुढच्या झाडावर तेच, त्याच्या पुढच्यावरही. पानं नसली की घड भरत नाही, कोवळाच पिकतो. ब्रिस्बेनला पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. करपा बागेचं नेमकं हेच करतो. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. बुरशीला अख्खा पावसाळा लागला असता. मी कोयत्याने लवकर उरकलं होतं.

"मावशी, मी शेडमध्ये जाते. फण्या धुते."

"कुठल्या? या तुकड्यात धुण्याजोगी एक तरी दाखव." तिने पिशवी खाली सोडली. "आणि शब्द म्हणजे शब्द. तुकडा पास झालाय. सगळ्या बागेची पानं तुझी."

मी कोयता उचलला.

"कोयता तेवढा इकडे दे."

तेव्हापासून मी खाली उभी राहून पान दाखवते. मावशी पानाकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि टोक तेवढं कापते.