सारजाची शेळी

“सारजाचा तिसरा भाग नको करायला,” शिवराज सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप विशाखाकडे सरकवला. वाईट बातमी द्यायची असली की सर स्वतः चहा मागवतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

क्रांती चौकात, एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, त्यांची मोबाइल गेमची कंपनी होती. ‘ट्रॅक्टर किंग’चे पाच भाग निघाले होते आणि पाचही धो धो चालले होते. दर भागात ट्रॅक्टरचा रंग बदले आणि सायलेन्सर थोडा मोठा होई. दुभत्या गाईच्या लाथा गोड, तेव्हा त्याला कोणी नावं ठेवत नसे. विशाखाचा गेम निराळा होता. सारजा नावाची म्हातारी हरवलेली शेळी शोधत गावोगाव फिरते, भेटेल त्याच्याशी बोलते, एवढंच. दोन भागांत शेळी सापडली नव्हती, तिसऱ्यात सापडायची होती. खेळणारे थोडे, पण चिवट. शेळी कधी सापडणार, असं ते अजून विचारत.

सारजाला आवाज होता विशाखाच्या आईचा. कलाकार परवडत नाहीत म्हणून इथे सगळेच घरच्यांना माइकसमोर उभं करत. सिल्लोडच्या पुढे आईचं, मुक्ताबाईंचं, गाव. त्यांनी जन्मभर शेळ्याच राखल्या, म्हणून विशाखाने त्यांच्या गोठ्यातच रेकॉर्डिंग केलं. “चांदे, ये गं, ये,” अशी हाक त्यांनी मारली आणि मागून खरीच शेळी येऊन ढुशी देऊन गेली. “अगं बया, मेले गं!” मुक्ताबाई किंचाळल्या. मायलेकी पोट धरून हसल्या. ती किंकाळीही विशाखाने बाकीच्या आवाजांबरोबर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवली. तिथेच चुकलं.

“सर, तुम्हीच म्हणाला होता, ट्रॅक्टर कमवील आणि सारजा वाढेल.”

“म्हणलो होतो की. मला लई आवडायची सारजा, खरं सांगतो. पण माणसं सगळी ट्रॅक्टरला लागणार. त्याचा सहावा भाग पडला ना, तर वीस घरं बसतील. रिस्क नाय घेता येत.”

सर खोटं बोलत नव्हते, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. शेवटी सारजा म्हणजे गाजराची पुंगी. वाजली तोवर वाजली.

“तू उद्यापासून ट्रॅक्टरवर ये. आणि हे बघ, तुझ्या आईचा आवाज घेतलाय आपण. कसला भारी बसलाय!”

त्यांनी मोबाइल पुढे धरला. ट्रॅक्टर कुंपण तोडून सुसाट गेला आणि समोरची म्हातारी उडून गटारात पडली. “अगं बया, मेले गं!” आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे खदखदून हसले. कोणीतरी आपल्या आईलाच ढकलून दिल्यासारखं विशाखाला झालं. ‘काढा तो आवाज’ हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण असलं काम देणारी दुसरी कंपनी तिला या शहरात माहीत नव्हती. ती चहा प्यायली.

सहावा भाग निघाला तोही धो धो चालला. सातव्याचं काम सुरू झालं आणि एके दुपारी आईचा फोन आला.

“विशू, अगं माझा आवाज आलाय ना त्या ट्रॅक्टरात! टमटमवाल्या कडुबानं दाखवलं. समदं गाव हसायलंय. मी दिसले की पोरंसोरं ओरडायलेत, अगं बया, मेले गं!”

आई खरंच खुशीत होती की तसं दाखवत होती, ते फोनवर कळेना.

“तुला राग नाही आला?”

“राग कशाचा? तुझ्या कंपनीचं काम हाय. पण म्या शेळीला हाक मारलेली, ती कुठंच ऐकू येत नाय गं. सापडली का शेळी?”

विशाखासमोर स्क्रीनवर नवा, हिरवा ट्रॅक्टर उभा होता.

“सापडली, आई,” ती म्हणाली आणि तिने ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणखी थोडा वर ओढला.