सटवाजींच्या हाडाचं वय

मित्रांनो, पुढचं ऐकून तुम्ही मला बंडलबाज म्हणाल. खुशाल म्हणा. परभणीत आजवर माझ्या बोलण्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, मग तुमचा तरी कसा बसावा?

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आज तुमची शाळा ज्या प्रयोगशाळेत आली आहे, तिथेच माझं आयुष्य गेलं. कारागिराने माझी भिंगं इतकी घासली होती, की पहिल्याच दिवशी मला मुंगीच्या पोटातला साखरेचा दाणा दिसला. तो गंगाखेडकडचा आहे हेही मी ओळखलं! तरुणपणी माझ्यापुढे विद्यार्थ्यांची रांग लागायची. मग कॅमेऱ्याचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. भिंगांवर बुरशी चढली. एके दिवशी इथल्या हाडं तपासणाऱ्या रेणुका मॅडमनी मला बाहेर काढलं, मऊ कापडाने पुसलं आणि म्हणाल्या, "हाडं वाचायला हाच बरा."

हाड वाचायचं म्हणजे काय, सांगतो. हाडाची चकती कापून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासतात, काचेवर चिकटवतात आणि खालून दिवा लावतात. आत बारीक गोल नक्षी दिसते. अंगणात कालची रांगोळी अर्धी पुसावी आणि तिच्यावरच आजची काढावी, तसं हाड जन्मभर नवी वर्तुळं काढत राहतं. अर्धवट पुसलेले तुकडे जितके जास्त, तितकं वय जास्त. चार-सहा वर्षं इकडे-तिकडे होतात, पण विशी आणि सत्तरी लपत नाही.

मागच्या वर्षी एका शेतात ऊस तुटला, पाचट पेटवलं, आणि राखेत माणसाची हाडं दिसली. जवळ एक कडं होतं. पार्वतीबाई म्हणाल्या, हे माझ्या मालकाचं. त्यांचे मालक सटवाजी तीन वर्षांपूर्वी बाजारातून वाट चुकले, ते घरी आलेच नव्हते. पण तसं कडं गावात दहा जणांच्या हातात. हाडं भाजलेली, म्हणून डीएनएची चाचणीही लागेना. राहिलो मी. मी सांगितलं, पासष्टच्या पुढचा माणूस.

हवालदार माणिकराव कागद काढून म्हणाले, "आधारवर सटवाजी बावन्न वर्षांचे हायत. मेळ बसंना, मावशी. हाडं तुमाला देता येणार न्हाईत."

म्हणजे सटवाजींना बेवारस म्हणून पुरणार. पार्वतीबाईंना तर त्यांना गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडायचं होतं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, आधार काढायच्या दिशी मालक मिशा काळ्या करून गेलते. लिवणारानं वय इचारलं, तर ह्येंनी सांगितलं चाळीस! त्या दिसापासून कागदावर मी त्येंच्याहून थोरली हाय."

"पुरावा काय पण?"

"आमच्या परमेश्वरचा शाळेचा दाखला बघा. पोरगं पंचेचाळीस वर्सांचं हाय. मग मालक सात वर्सांचे असताना बाप झाले व्हय?"

मॅडमना हसू आवरेना. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. हवालदारांनी दाखला दोनदा वाचला आणि म्हणाले, "न्या मावशी, तुमचे मालक."

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. भिंगाला बोट लावू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं खरं वय ती जिवंत असतानाच विचारून ठेवा.

पण खरी गंमत पुढेच. मॅडमनी पार्वतीबाईंना माझ्यापुढे बसवलं. त्यांनी माझ्या नळीला डोळा लावला, आणि मी अशी करामत केली की आत हाड दिसलंच नाही! दिसले ते पंचविशीतले सटवाजी, बांधावर उभे राहून हाका मारणारे. आणि बाई त्यांना म्हणाल्या...

"खोटं!" मागच्या रांगेतून आवाज आला. पार्वतीबाईंची नात राजेश्री उठून उभी राहिली होती. "मी व्हते की तिथं. आजीनं डोळा लावलाच न्हाई. 'लय उजेड पडायलाय त्येंच्या अंगावर' म्हणली, अन् काचंवर पदर धरून बसली."