फक्त वाचण्यासाठी

उत्तमरावने संगणकाच्या बी ड्राइव्हमध्ये फ्लॉपीची चकती सरकवली, झडप लावली आणि कमांड टाइप केली. हिरव्या पडद्यावर ओळी उमटल्या. ए ड्राइव्ह: वाचता येते, लिहिता येते. बी ड्राइव्ह: तेच. त्याने दुसरी कमांड दिली आणि पुन्हा पाहिलं. बीसमोरची अक्षरं बदलली होती. आता त्या ड्राइव्हमधली चकती फक्त वाचता येणार होती. तिच्यावर कुणाला काही लिहिता येणार नव्हतं, पुसताही येणार नव्हतं.

यंत्र बंद केलं की ही सेटिंग निघून जाई. म्हणून गंगू गेल्यापासून तो रोज सकाळी खोलीत आला की आधी एवढं करून घेत असे.

कामरगावच्या रस्त्यावरच्या कापूस संशोधन केंद्रात हे यंत्र मागच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आलं. ते चालवायला उत्तमराव नागपूरहून शिकून आला होता. गंगू प्लॉटांवर झाडं मोजायची. बोंडं किती धरली, किती फुटली, किती किडली. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायची आणि ते आकडे स्वतःच यंत्रात भरायची. भरताना प्रत्येक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायची. उत्तमरावला शेजारी बसून ते ऐकायची सवय लागली होती.

दसऱ्याच्या आधी त्याने तिला विचारलं होतं,

"तुह्या घरी येऊ का इचाराले?"

उत्तमरावचं घर रिसोडजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांचं, तिचं बौद्धपुऱ्यातलं. याचा अर्थ दोघांनाही कळत होता.

"आधी मले बाबाले इचारू द्या," ती म्हणाली.

दसऱ्यानंतर ती केंद्रावर आलीच नाही. कावीळ झाल्याचं कळलं. मग अकोल्याला नेल्याचं कळलं. दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

"उत्तम, ती चकती आज मोकळी कर," केंद्राचे प्रमुख मदनसिंग दारात उभे राहून म्हणाले. "गंगूचे आकडे छापून अकोल्याला गेले. नव्या चकत्या आल्या नाहीत, आन् इथं दुसऱ्या वेचणीचे कागद साचले."

"हो सर. करतो."

"रोज म्हनतो." मदनसिंगांचा आवाज उतरला. "मले बी वाईट वाटते रे. पन कर आज."

ते वळले, तर व्हरांड्यात पुंजाजी उभा होता, गंगूचा बाप. त्याच्या हातात छत्री होती.

"जयभीम साहेब. केंद्राची छत्री घरी राह्यली होती तिच्याजवळ."

मदनसिंगांनी छत्री घेतली, त्याला आत बसायला सांगितलं आणि ते प्लॉटांकडे निघून गेले. पुंजाजी खुर्चीच्या कडेवर टेकला. यंत्राकडे बघत राहिला.

"हेच्यावरच करे काय ते?"

"हो काका."

"तिचं लिहेल हाये काय आजूक हेच्यात?"

उत्तमरावने कमांड दिली. पडदा आकड्यांनी भरला. ओळी वर सरकू लागल्या, खालून नव्या येत राहिल्या. पुंजाजीला वाचता येत नव्हतं. तरी डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली आणि ओळी थांबेपर्यंत नजर हलवली नाही.

"हे सारं तिनंच?"

"सारं तिनंच."

"आता काय होईन ह्याचं?"

"पुसा लागते. नवे आकडे भराचे हायेत." उत्तमराव थोडा थांबला. "मी रोज अडवून ठेवून राह्यलो."

"काहून?"

उत्तमरावने कळफलकावरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. तिथे धूळ नव्हती.

पुंजाजी टोपीची घडी घालत, उलगडत राहिला.

"तिनं घरी सांगतलं होतं," तो म्हणाला. "मी लय बोललो तिले. ती जेवेच ना. मंग तिची माय माह्याशी भांडली. मंग म्या हो म्हनलं."

"हो म्हनलं?"

"हो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हनलं. तुमाले सांगाले म्हनून तशीच निंगाली केंद्रावर. आंगात ताप होता, आमाले काय मालूम. मोटार स्टँडपाशी चक्कर येऊन पडली. तिथून जे खाटेवर टाकली..."

बाहेर कुणीतरी बैलांना हाकलत होतं. उत्तमराव पडद्याकडे पाहत होता, पण त्याला आकडे दिसत नव्हते. इतके दिवस त्याने स्वतःची समजूत घातली होती की तिचा बाप नाहीच म्हणाला असेल.

"पुसा," पुंजाजी हळूच म्हणाला. "तुमचं काम अडून राह्यलं."

उत्तमरावने दोन कळा एकदम दाबल्या. सेटिंग निघाली. त्याने पुन्हा एकदा तपासून पाहिलं. बी ड्राइव्ह: वाचता येते, लिहिता येते. मग त्याने पुसण्याची कमांड दिली. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, आत जरा घरघर झाली आणि दिवा विझला.

पुंजाजीने टोपी घातली आणि तो उठला.

"घरी चाला. तिच्या मायले एकडाव तुमाले पाह्यचं हाये."

दोघे रस्त्याने चालू लागले. बौद्धपुऱ्यात शिरताना उत्तमराव एक पाऊल मागे राहिला. पुंजाजी थांबला आणि त्याला बरोबर घेऊन पुढे निघाला.

चंपाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उत्तमरावला पाहताच ती लगबगीने उठली. जावयासमोर घेतात तसा डोईवरचा पदर तिने कपाळापर्यंत ओढून घेतला आणि मान खाली घालून पाण्याचा तांब्या दगडावर आणून ठेवला. त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही. दाराआड गेली आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाली,

"त्याह्यले म्हना, पाय धुवा. जेवल्याबिगर जाऊ नोका."

उत्तमरावने चपला काढल्या आणि तांब्याला हात घातला.