सहावा खांदेकरी

वेन्डलची बायको थेल्मा गेली त्या दिवशी तो स्वतःच्याच फाटकात अडकून पडला होता.

रात्रभर बर्फाचा पाऊस झाला होता. फाटकाजवळचं स्प्रूसचं जुनं झाड त्या ओझ्याने मोडून रस्त्यावर आडवं झालं होतं. सकाळी इस्पितळातून फोन आला, लगेच निघा. वेन्डल ट्रक घेऊन झाडापर्यंत आला, मागून पेट्रोलवरची करवत काढली, टाकी भरली आणि दोरी ओढली. काही नाही. चोक दिला, पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली, पण करवत साधी खोकलीसुद्धा नाही. बर्फ काढणाऱ्या गाडीला फोन केला, तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. इस्पितळ तासाभराच्या अंतरावर, म्हणजे चालत जायचा प्रश्नच नव्हता. मग त्याने शेडमधून हातकरवत आणली आणि त्या गोठलेल्या खोडाशी झटत राहिला. अर्धंही कापून झालं नव्हतं. ओले हातमोजे बदलायला घरात आला, तेव्हा फोन वाजत होता.

नर्सने सांगितलं ते त्याने उभ्यानेच ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते."

तिने नावही सांगितलं. ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात एकच नाव घुमत होतं. डॅरिल.

डॅरिल म्हणजे थेल्माचा धाकटा भाऊ. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत तो ती करवत मागून घेऊन गेला होता, जंगलातल्या खोपटाभोवतीच्या फांद्या छाटायला. परत आणून शेडमध्ये ठेवली, तेव्हा वेन्डल घरी नव्हता. आता डॅरिलच्या हाती यंत्र देणं म्हणजे काय, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. असल्या करवतीला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. डॅरिलने एकदा साधं पेट्रोल ओतून स्वतःचं गवत कापायचं यंत्र जाळलं होतं आणि वर दुकानदाराशी भांडला होता. वेन्डलला त्याहून जास्त पुरावा नको होता.

प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये लोक कॉफी आणि डोनट घेऊन हळू आवाजात बोलत होते. बहिणीला आवडायचं म्हणून डॅरिल बीन्सचं भांडं घेऊन आला होता. वेन्डल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"करवतीत काय ओतलं होतंस?"

"काय?"

"बहिरा आहेस का? करवतीत काय ओतलंस ते विचारतोय."

"वेन्डल, आज नको ना."

"आजच. तुझ्यामुळे मी तिच्यापाशी पोचलो नाही. ती एकटी गेली, तुझ्या हलगर्जीपणामुळे. तिला मातीत ठेवतील त्या दिवशी तू पेटीला हात लावायचा नाहीस."

डॅरिलने भांडं टेबलावर ठेवलं आणि कोट न घालताच बाहेर निघून गेला.

आमच्या मेन राज्यात, अमेरिकेच्या या उत्तर टोकाला, हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते. थंडीत गेलेल्यांना दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि माती सुटली की पुरतात. तोवर घरच्यांनी वाट पाहायची. वेन्डलने ते दिवस रागावर काढले. लोकांनी आणून दिलेलं जेवण तो सिंकपाशी उभ्याने खायचा आणि डॅरिलला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवायचा. करवत शेडमध्ये एका गोणपाटाखाली पडून होती. तिला त्याने शिवलंही नाही.

मे महिन्यात बीट्रिस आली. दफनभूमीचं सगळं तीच बघायची. ट्रकचं दार आपटून ती थेट शेडमध्येच घुसली.

"शनिवारी थेल्माचं. पेटी उचलायला सहाजण लागतात, माझ्याकडे पाच आहेत. सहावा डॅरिल."

"नाही."

"सख्खा भाऊ आहे तिचा."

"त्याने माझी करवत जाळली."

"जाळलेली बघितलीस?"

"बघायला कशाला हवं? चालू झाली नाही ना."

"माझा नवराही सकाळी चालू व्हायचा नाही. मी काही त्याला जळाला म्हणाले नाही." तिने एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "उघड. जळलेली निघाली तर मीच डॅरिलला सांगते, घरी बस म्हणून. नाहीतर तो उचलणार."

वेन्डलच्या डोक्यात तिडीक गेली. पण तेही बरंच होतं, साक्षीदार आयताच मिळाला होता. त्याने गोणपाट फेकून दिलं आणि करवत बाकावर आपटली.

"आपटू नकोस. तिने काय केलंय?"

"तू गप्प बस. हे बघ, साधं पेट्रोल घातलं की पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. आत्ता दाखवतो."

त्याने सायलेन्सरचे बोल्ट सोडवले, तो बाजूला काढला आणि मोकळ्या झालेल्या भोकात बॅटरीचा उजेड मारला. दोरी हळूहळू ओढून पिस्टन वरखाली केला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पिस्टन गुळगुळीत होता. एकही ओरखडा नव्हता.

"काय रे, कुठे आहेत ओरखडे?"

"थांब जरा."

एअर फिल्टर काढला, तर स्वच्छ धुतलेला. साखळीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला, तर धार लावलेली. डॅरिलने जन्मात कशाला धार लावली नव्हती. वेन्डलचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला. त्याने स्पार्क प्लग काढला. कोरडा ठणठणीत. एवढ्या वेळा दोरी ओढल्यावर तो पेट्रोलने भिजायला हवा होता. प्लग सिलिंडरच्या धातूला टेकवून त्याने दोरी ओढली. निळी ठिणगी पडली.

"ठिणगी आहे," बीट्रिस म्हणाली.

"दिसतंय मला."

त्याने प्लगच्या भोकात मिसळलेल्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब सोडले, प्लग घट्ट बसवला, सायलेन्सर परत लावला आणि दोरी ओढली. करवत फटफट करून पेटली आणि लगेच विझली.

वेन्डल तसाच वाकून उभा राहिला. याचा अर्थ त्याला पुरता कळत होता. इंजिन धड होतं. पेट्रोलच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

टाकीचं झाकण उघडून त्याने वाकवलेली तार आत घातली आणि पेट्रोलच्या नळीच्या टोकाचा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर आला, त्याच्यासोबत बोटभर नळी आली. बाकीची आतच राहिली. हातातला तुकडा त्याने चिमटीत दाबला तसा त्याचा भुगा झाला. रबर जुनं होऊन तडकलं होतं. करवत पेट्रोलऐवजी नुसती हवा ओढत होती.

"नळी," तो म्हणाला.

"म्हणजे डॅरिल नाही."

"त्याने परत देताना टाकी कोरडी केली होती, त्या दिवशी मीच भरली. कोरडी ठेवली म्हणून रबर वाळलं. त्यानेच केलं हे."

"अस्सं. आणि ठेवून देताना टाकी कोरडी करा, कोरडी करा म्हणून सगळ्या गावाच्या कानीकपाळी कोण ओरडत असतं?"

"बीट्रिस, तू निघ इथून."

"निघते. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा तू सांगितलंस तसं वागलं. फिल्टर धुतला, साखळीला धार लावली. बहिणीच्या घरची वस्तू म्हणून जपून वापरली. आणि तू त्याला चारचौघांत खुनी ठरवलंस."

"खुनी म्हटलं नाही मी."

"त्याला काय ऐकू आलं असेल ते विचार जा."

वेन्डलने तो भुगा भिंतीवर फेकला. फेकायला काही वजनच नव्हतं त्यात, तो मध्येच खाली पडला. मग त्याने बाकाला लाथ मारली. पान्यांचा डबा सांडला. त्याला थेल्माचा राग आला, ती अशा दिवशी गेली म्हणून. त्या झाडाचा आला, नर्सचा आला, रबर बनवणाऱ्या कुठल्या तरी अनोळखी माणसाचा आला. कुणावरही तो टिकेना. डॅरिलवर कसा छान बसला होता.

"इतके दिवस मी काय धरून बसलो होतो मग?" तो म्हणाला.

बीट्रिस खाली वाकून सांडलेले पाने गोळा करत होती. डबा बाकावर ठेवून तिने विचारलं, "तर मग, सहावा?"

"येऊ दे त्याला. पण मी बोलावणार नाही. तू सांग."

"शनिवारची वेळ मी सांगेन. बाकीचं तुझं तू बघ. मी तुझी टपालवाली नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून हातभर नळी आणली. जुनी ओढून काढली, नवीचं टोक तिरकं कापून भोकातून आत सरकवलं, फिल्टर लावला, ताजं पेट्रोल तेल मिसळून भरलं. करवत तिसऱ्या ओढीला सुरू झाली आणि छान धडधडत राहिली. त्या आवाजाने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने खटका दाबून ती बंद केली, तिला शिवी दिली, आणि बाकावर बसून रडला. रडतानाही तो रागातच होता.

शनिवारी डॅरिल आला. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी घाईत केलेली, गाल कापलेला. तो पेटीच्या डाव्या बाजूला, डोक्याकडे उभा राहिला. गवत ओलं होतं. चालताना त्याचा पाय घसरला, पण कडी त्याने सोडली नाही. मातीत ठेवून झाल्यावर घरच्यांनी फावडी घेतली. वेन्डल आणि डॅरिल समोरासमोर उभे राहून माती लोटत होते. डॅरिलने एकदा मान वर करून पाहिलं. वेन्डलने फावडं आणखी खोल रुतवलं.

परतताना दफनभूमीच्या फाटकापाशी डॅरिल थांबला होता. "लाकडं फोडायची असतील तर येईन," तो म्हणाला. "करवत नको देऊस. मी कुऱ्हाड आणेन."

वेन्डलला नळीचं सांगायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बघू."

स्प्रूसचं खोड आता कापून झालंय, लाकडं शेडला लागलीत. थेल्माच्या दगडावर तारीख कोरायला माणूस येऊन गेला. डॅरिलची माफी मागायची राहिली आहे.